जोगत्याचं लुगडं

बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीच्या डोंगरावरची यल्लम्मा ही कर्नाटक आणि महाराष्ट्रातल्या असंख्य घरांची देवी आहे. निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज या पट्ट्यात तिला सोडलेल्या मुलीला जोगतीण म्हणतात आणि मुलाला जोगता. कन्नडमध्ये तो जोगप्पा. जोगता लुगडं नेसतो, हातात बांगड्या भरतो, कपाळाला भंडारा लावतो. डोक्यावर देवीचा जग, म्हणजे तिची मूर्ती बसवलेली टोपली, घेऊन मंगळवारी, शुक्रवारी दारोदार जोगवा मागतो आणि चौंडकं या तंतुवाद्याच्या तालावर देवीची गाणी म्हणतो. हिजड्यांमधला निर्वाणाचा, म्हणजे लिंगच्छेदाचा, विधी या परंपरेत मुळात नाही.

मुलगा जोगता होतो तो दोन वाटांनी. केसांत जट निघाली किंवा घरातलं दुखणं हटेना, की ‘देवीचं आलंय’ असं ठरतं आणि पोराला लुगडं नेसवलं जातं. जट म्हणजे केसांची निगा न राखल्याने झालेला गुंता, पण ती कापायची भीती पिढ्यान्‌पिढ्या पोसली गेली आहे. दुसरी वाट त्या मुलाची, ज्याला चालण्या-बोलण्यावरून ‘बायल्या’ म्हणून लहानपणापासून हिणवलं जातं. त्याला देवीपाशी आसरा सापडतो. बाहेरून दोघे सारखेच दिसतात. पण पहिल्यावर लुगडं लादलेलं असतं, तर दुसऱ्याला तेच हवं असतं. हा फरक गावानेही केला नाही आणि सुधारकांनीही पुष्कळदा केला नाही.

हाच मुलूख तालमींचाही. लाल मातीत अंग घुसळल्याशिवाय पोरगा गडी होत नाही, अशी इथली जुनी समजूत. तिच्या साच्यात न बसणाऱ्याला जागा होती ती फक्त देवळाच्या पायरीवर. जोगवा घालताना गाव त्याच्या पाया पडे आणि एरवी त्याचीच टवाळी करी. अशा मानाला प्रतिष्ठा म्हणता येत नाही.

1970 नंतर गडहिंग्लज-निपाणी भागात मुली देवीला सोडण्याविरुद्ध देवदासी निर्मूलनाची चळवळ उभी राहिली. कर्नाटकाने 1982 मध्ये देवदासी अर्पणाला बंदी करणारा कायदा केला, पण त्यातली देवदासीची व्याख्या स्त्रीपुरतीच होती. सोडलेला मुलगा त्यात बसतच नव्हता. त्याची घुसमट आधी साहित्याने ओळखली. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’नंतर आलेल्या ‘भंडारभोग’ने जोगत्याचं जगणं केंद्रस्थानी आणलं. या दोन कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची ‘दर्शन’ ही कथा यांवर राजीव पाटील यांचा ‘जोगवा’ हा चित्रपट आधारलेला आहे. त्यातला जोगता साकारणाऱ्या उपेंद्र लिमये यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

शहरांत मर्दपणाच्या साच्याचा प्रश्न पुरुषांनी स्वतःला विचारायला घेतला होता. मुंबईत 1993 मध्ये ‘मावा’ ही स्त्रियांवरील हिंसेविरुद्ध काम करणारी पुरुषांची संघटना स्थापन झाली. तिचा ‘पुरुषस्पंदनं’ आणि पुण्याचा ‘पुरुष उवाच’ हे दिवाळी अंक मर्दानगीच्या ओझ्याबद्दल उघडपणे लिहू लागले. मर्दपणाची सक्ती स्त्रीला जाचते तशी पुरुषालाही, हे त्यांनी मांडलं. जोगत्याच्या आयुष्याइतका त्याचा ढळढळीत पुरावा दुसरा नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 च्या निकालात तृतीयपंथीयांना कायदेशीर ओळख दिली. त्यात जोगत्यांचाही उल्लेख आहे. 2021 मध्ये कर्नाटकाने सरकारी नोकऱ्यांत तृतीयपंथीयांसाठी एक टक्का आरक्षण ठेवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बळ्ळारी भागातल्या जोगती नृत्य कलावंत मंजम्मा जोगती पद्मश्री स्वीकारायला राष्ट्रपती भवनात गेल्या. पुरस्कार घेण्याआधी त्यांनी लुगड्याच्या पदराने राष्ट्रपतींची दृष्ट काढली.