बसल्या जागी 70 अँपिअर

निवांत बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण 250 मिलिलिटर ऑक्सिजन वापरतो. आकडा किरकोळ वाटतो, पण पुढची आकडेमोड केली की छाती दडपते. ऑक्सिजनच्या एका रेणूचं पाणी व्हायला चार इलेक्ट्रॉन लागतात. त्या हिशेबाने शरीरात दर सेकंदाला सुमारे 45 वर 19 शून्यं इतके इलेक्ट्रॉन ऑक्सिजनपर्यंत पोचतात. विजेच्या मापात हा प्रवाह 70 अँपिअरच्या आसपास भरतो. घरातल्या गिझरचं सॉकेट 16 अँपिअरचं असतं!

झटका बसत नाही, कारण हा प्रवाह पेशींमधल्या अगणित तंतुकणिकांत वाटलेला असतो आणि अन्नातून निघालेला इलेक्ट्रॉन ऑक्सिजनपर्यंत उतरतो तो जेमतेम 1.14 व्होल्ट. गुणाकार केला तर 80 वॉट येतात. शरीराच्या उष्णतेवरून काढलेला विश्रांतीतला खर्चही याच घरात आहे. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर यावं, याचा मला फार आनंद होतो.

तंतुकणिकेच्या आतल्या पटलावरचा दाब जेमतेम 150 मिलिव्होल्ट. पण पटलाची जाडी 5 नॅनोमीटर. म्हणजे मीटरमागे 3 कोटी व्होल्ट. कोरड्या हवेत याच्या दहाव्या हिश्श्यालाच ठिणगी पडते.

या पटलात तार कुठेच नाही. सस्तन प्राण्यांत इलेक्ट्रॉनच्या वाटेवरल्या पहिल्या प्रथिन-संकुलात 45 प्रथिनं असतात आणि त्यांच्या पोटात लोह-गंधकाचे सात पुंजके ओळीने बसवलेले असतात. इलेक्ट्रॉन एका पुंजक्यावरून दुसऱ्यावर जातो तो मधला ऊर्जेचा अडथळा ओलांडून नव्हे, तर आरपार, क्वांटम बोगद्यातून. 1966 मध्ये डीव्हॉल्ट आणि चान्स यांनी क्रोमॅटियम या प्रकाशसंश्लेषी जिवाणूवर लेझरचा झोत टाकून हे पाहिलं. उणे 200 अंश सेल्सिअसच्या खाली आणखी गारठवलं तरी इलेक्ट्रॉनचा वेग घटेना. उष्णतेच्या जोरावर चालणारी कुठलीही क्रिया तिथे थिजली असती.

सगळी मदार अंतरावर असते. दर 1.7 अँगस्ट्रॉमला, म्हणजे हायड्रोजनचे दोन अणूही मावणार नाहीत एवढ्या फरकाने, वेग दहापट घटतो. पेनसिल्व्हेनियातल्या लेस्ली डटन यांच्या गटाने 1999 मध्ये ज्ञात प्रथिनांची मोजमापं तपासली, तेव्हा एकामागून एक बसवलेल्या थांब्यांमधलं अंतर 14 अँगस्ट्रॉमच्या आत सापडलं. त्यात आणखी 10 अँगस्ट्रॉम घाला, वेग लाखो पटींनी पडेल. उत्क्रांतीने पाळलेला इतका काटेकोर नियम माझ्या तरी पाहण्यात दुसरा नाही.

प्रकाशसंश्लेषणात तर घाईची कमाल आहे. जांभळ्या जिवाणूंच्या अभिक्रिया-केंद्रात प्रकाश शोषल्यावर पहिली उडी सुमारे 3 पिकोसेकंदांत होते. या 3 पिकोसेकंदांना एक सेकंद मानलं, तर आपला एक सेकंद 10,000 वर्षांहून लांब होईल. पुढचा थांबा, म्हणजे क्विनोन हा रेणू, आणखी 200 पिकोसेकंदांत गाठला जातो. परतीची वाट याहून कितीतरी मंद असल्याने इलेक्ट्रॉनला मागे फिरायला सवडच मिळत नाही. म्हणून या केंद्राने शोषलेल्या 100 फोटॉनांमागे जवळपास 100 इलेक्ट्रॉन पलीकडे पोचतात.