सागरी घळ

सागरी घळ : समुद्रकाठच्या कड्यात लाटांच्या क्षरणाने तयार झालेली, जमिनीच्या दिशेने आत शिरलेली अरुंद, लांबट व उभ्या भिंतींची फट. रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यातील हेदवी येथील ‘बामणघळ’ हे तिचे महाराष्ट्रातील सुपरिचित उदाहरण होय. स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावर अशा घळी विपुल असून तेथे त्यांना ‘जिओ’ म्हणतात. हा शब्द भेग या अर्थाच्या प्राचीन नॉर्स शब्दापासून आला असून पुढे तो भूरूपविज्ञानातही रूढ झाला.

निर्मिती : खडकातील संधी, विभंग यांसारख्या दुर्बल रेषांवर लाटांचा मारा प्रथम परिणामकारक ठरतो. लाट आदळताच भेगेतील हवा दाबली जाते आणि लाट ओसरताच ती एकदम प्रसरण पावते. या क्रियेच्या पुनरावृत्तीने भेग रुंदावते व खडकाचे तुकडे सुटतात. तेच तुकडे लाटांबरोबर भिंतींवर घासून झीज वाढवितात. काही ठिकाणी प्रथम गुहा तयार होते व तिचे छत कोसळल्यावर घळ उघडी पडते.

हेदवी : दशभुज गणेशाच्या मंदिरामुळे प्रसिद्ध असलेल्या या गावाच्या किनाऱ्यावर, उमामहेश्वर मंदिरानजीकच्या खडकात ही घळ आहे. भरतीच्या वेळी आत शिरलेले पाणी दोन्ही भिंतींमध्ये कोंडते आणि टोकाशी आदळून उंच उसळते. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास उधाणाची भरती येत असल्याने त्या वेळी उसळी अधिक जोरदार असते. ओहोटीस मात्र तेथे केवळ एक साधी फट दिसते.

स्कॉटलंड : केथनेस व ऑर्कनी येथील अनेक घळी डेव्होनियन काळातील थरयुक्त वालुकाश्मात कोरल्या गेल्या आहेत. बेसाल्टातील क्षरणाचे प्रसिद्ध उदाहरण स्टॅफा बेटावरील ‘फिंगलची गुहा’ हे असून तिच्या भिंती बहुतांशी षट्कोनी स्तंभांच्या आहेत. जोसेफ बँक्स याने १७७२ मध्ये या बेटाला भेट दिली. १८२९ मधील प्रवासातून मेंडेल्सझोन या जर्मन संगीतकाराला ‘द हेब्रिडीझ’ या वाद्यरचनेची प्रेरणा मिळाली. तेथील बेसाल्ट सु. ६ कोटी वर्षांपूर्वीचा, तर दख्खनचा सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. हे दोन्ही प्रदेश परस्परांपासून हजारो किमी. दूर आहेत.

उपयोग व धोका : रुंद घळींचा आश्रय मच्छीमारांना होतो. केथनेसमधील व्हॅलिगो येथे कड्यात तीनशेहून अधिक पायऱ्या असून एकेकाळी स्त्रिया हेरिंग मासळीच्या टोपल्या घेऊन त्या चढत असत. बामणघळीसारख्या अरुंद घळीत मात्र असा आश्रय मिळत नाही. तिच्या काठचा खडक ओला व निसरडा असतो, लाटांची उंची सारखी नसते आणि काही लहान लाटांनंतर अकस्मात मोठी लाट येते. घळीत पडलेल्या व्यक्तीस उभ्या भिंतींमुळे पोहून बाहेर पडणे दुष्कर ठरते. म्हणून हे दृश्य काठापासून दूर, उंच व कोरड्या जागेवरून पाहणेच इष्ट होय.