भाडं बुडवून भाडेकरू गेला. कोर्टाचा निकाल ‘सिबिल’वर चढतो का?

सापगाव (ता. शहापूर) : समजा, सापगावात एकाने खोली भाड्याने दिली. भाडेकरूने सहा महिन्यांचं भाडं थकवलं आणि रातोरात खोली सोडली. मालकाने दावा लावला, निकालही बाजूने लागला. आता हा निकाल भाडेकरूच्या ‘सिबिल’वर टाकता येईल का?

सरळ उत्तर आहे, नाही. २००५ च्या कायद्यानुसार सिबिलसारख्या कंपन्या बँका, पतपुरवठा संस्था अशा सभासदांकडूनच कर्जाची माहिती घेतात. घरमालक सभासद नसतो. बँकेने कर्जदारावर दावा केला तर तसा शेरा अहवालात दिसतो, त्यावरून हा गैरसमज होतो. इंग्लंडमध्ये न भरलेल्या रकमेचा निकाल सहा वर्षं नोंदीत राहतो. आपल्याकडे तशी सोय नाही. त्यामुळे ‘पैसे द्या, सिबिल खराब करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका.

मग निकालाचा उपयोग काय? पैसे वसूल करण्यासाठी कोर्टात दरखास्त दाखल करावी लागते. त्यासाठी १२ वर्षांची मुदत आहे. भाडेकरू दुसऱ्या जिल्ह्यात गेला असेल तर हुकूमनामा तिकडच्या कोर्टात वर्ग करून घेता येतो. त्याची मालमत्ता काय आहे, हे शपथपत्रावर सांगायला कोर्ट लावू शकतं. बँक खात्यावर जप्ती आणता येते. पगारातले पहिले १,००० रुपये सोडून उरलेल्याचा एक तृतीयांश भाग जप्त होऊ शकतो. म्हणजे १६,००० पगार असेल तर महिन्याला ५,००० रुपये. मजुराची मजुरी मात्र जप्त होत नाही.

थकलेल्या भाड्याचा दावा भाडं देणं झाल्यापासून तीन वर्षांच्या आत करावा लागतो. ‘देईल आज-उद्या’ म्हणत थांबलात तर हक्क जातो. तडजोडीची तयारी असेल तर लोकअदालत बरी. तिथे कोर्ट फी लागत नाही, निवाडा हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो आणि त्यावर अपील नसतं.

खरी काळजी चावी देण्याआधीच घ्यावी. करार लेखी करून नोंदवा. आधारची प्रत, मूळ गावचा पत्ता, नोकरीचं ठिकाण आणि बँक खात्याचा तपशील ठेवा. भाडं खात्यावरच घ्या. पुढे जप्तीची वेळ आली तर हीच माहिती कामाला येते. माणूस सापडला नाही, तर हातातला निकाल नुसता कागद ठरतो.