स्वतःचा प्रश्न, स्वतःचे उत्तर

वडिलांची बदली झाली की मुलाची शाळा बदलते, हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले असेल. परंतु बदलीबरोबर देशच बदलला तर? जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय शाळेपुढे हाच पेच होता. मुले नाना देशांची आणि प्रत्येक देशातील विद्यापीठप्रवेशाची परीक्षा निराळी! त्यातूनच १९६८ मध्ये 'इंटरनॅशनल बॅकलॉरिएट' ही संस्था स्थापन झाली. भारतात कोडाईकॅनालच्या शाळेने १९७६ मध्ये तिचा पदविका अभ्यासक्रम प्रथम स्वीकारला.

हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. विषय सहा, प्रत्येकास ७ गुण. पण खरी कसोटी पुढेच. विद्यार्थ्याला स्वतः निवडलेल्या प्रश्नावर ४,००० शब्दांपर्यंतचा शोधनिबंध लिहावा लागतो. 'हे मला ठाऊक आहे', असे आपण कशाच्या बळावर म्हणतो, याचाही विचार करावा लागतो. या दोहोंचे ३ गुण धरून एकूण ४५. कला, खेळ व समाजसेवा यांना गुण नाहीत. तथापि त्यांवाचून पदविका मिळत नाही. घरापासून दूर वाढणाऱ्या मुलाला, शाळेत शिक्षक नसला तरी, मातृभाषेतील साहित्य स्वतः अभ्यासण्याची मुभाही आहे.

या शिक्षणाचा खर्च प्रत्येक कुटुंबास झेपणारा नाही, हे खरे. पण मुलाला 'किती गुण मिळाले?' असे विचारण्यापूर्वी 'आज तुला कोणता प्रश्न पडला?' असे विचारण्यास कोणतेही शुल्क पडत नाही.