खांद्याची शस्त्रक्रिया आणि खेळाडूचे पुनरागमन

आपल्या कुटुंबांतील कित्येक मुले-मुली क्रिकेट खेळतात, कोणी भालाफेक करतात. फेकीच्या हाताच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली म्हणजे घरात पहिला प्रश्न निघतो तो हा की, पुन्हा खेळायचे केव्हा? त्याचे उत्तर महिन्यांत द्यावे लागते आणि ते खेळाडूस सहसा रुचत नाही.

खांदा हा उखळीचा सांधा खरा, पण त्याची उखळी फार उथळ असते. हाडाचा गोळा तीत राहतो तो कडेची कूर्चा, भोवतालचे बंध आणि चार स्नायूंच्या कंडरा यांच्या आधाराने. यांतील काही फाटले की ते टाके घालून हाडाशी पुन्हा जखडावे लागते. वरची जखम दोनेक आठवड्यांत भरते. आतला भाग हाडाशी एकजीव होण्यास तीन महिने, कधी त्याहूनही अधिक लागतात. दुखणे मात्र पुष्कळदा त्याआधीच थांबते, आणि घोटाळा होतो तो येथेच. दुखत नाही म्हणजे खांदा तयार झाला, असे आम्ही तरी मानीत नाही.

पहिले चार ते सहा आठवडे हात बहुधा झोळीत असतो. मग सांधा मोकळा करणे, पुढे ताकदीचे व्यायाम. त्यांत कंबर व पायही येतात याचे पुष्कळांस नवल वाटते. पण फेकीचा जोर पायांतूनच वर येतो. हलकी फेक साधारणतः चौथ्या ते सहाव्या महिन्यात, तीही जवळून, मोजून व एक दिवसाआड. पूर्ण सामन्यास नऊ महिने ते वर्ष धरावे. काहींना पूर्वीचा वेग पुन्हा लाभत नाही, हेही आधीच सांगितलेले बरे.

श्री. अनिल कुंबळे यांच्या गोलंदाजीच्या खांद्यावर 2001 च्या प्रारंभी शस्त्रक्रिया झाली. ऑस्ट्रेलियाविरुद्धची मायदेशातील गाजलेली मालिका त्यांना मुकावी लागली. त्याच वर्षाच्या अखेरीस ते परतले. 2008 साली निवृत्त होताना त्यांच्या नावावर 619 कसोटी बळी होते, पैकी 300 हून अधिक शस्त्रक्रियेनंतरचे. श्री. श्रेयस अय्यर यांचा खांदा मार्च 2021 मध्ये पुण्यास निखळला; एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया होऊन सप्टेंबरात ते मैदानावर आले. पण तो खांदा डावा, फेकीचा हात उजवा. त्यांचे पाच महिने पाहून फेकीच्या खांद्याचा हिशेब करू नये.

फेकीनंतरचे दुखणे दुसऱ्या सकाळीही उरले, तर एक पायरी मागे यावे आणि डॉक्टरांस कळवावे. दिवसाला किती फेकी, हा आकडा फिजिओथेरपिस्टकडून लिहून घेऊन प्रशिक्षकांच्या हाती द्यावा.