जुन्या तलवारींची ओळख व कालनिश्चिती : बीड जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

बीड जिल्ह्यातील अनेक जुन्या घराण्यांत विजयादशमीस तलवारीचे पूजन केले जाते. ही तलवार कोणत्या काळातील, या प्रश्नास बहुधा ‘शिवकालीन’ किंवा ‘निजामाच्या काळातील’ असे उत्तर मिळते. जिल्ह्याचा इतिहास पाहता अशी शस्त्रे येथे असणे स्वाभाविक आहे. 10 ऑगस्ट 1763 रोजी गेवराई तालुक्यातील राक्षसभुवन येथे थोरल्या माधवराव पेशव्यांनी निजामाच्या सैन्याचा पराभव केला. 1795 मध्ये मराठे व निजाम यांची लढाई झाली ते खर्डा हे गावही बीडच्या सीमेपासून फार दूर नाही. तथापि घराण्याच्या परंपरेने सांगितलेला काळ आणि प्रत्यक्ष वस्तूने दर्शविलेला काळ यांत अंतर असू शकते. तलवारीला एकच एक तारीख नसते. पाते, मूठ व लेख या तिन्हींचा काळ स्वतंत्रपणे ठरवावा लागतो. या सूत्राचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पाते व मूठ यांची जोडणी

भारतीय तलवारीची पोलादी मूठ सामान्यतः आतून पोकळ असते. पात्याचा मागील निमुळता भाग तीत घालून लाख किंवा राळ यांनी पक्का केला जातो. उष्णता दिली की ही जोडणी सुटते. त्यामुळे जुने पाते नव्या मुठीत बसविणे कारागिरास सोपे होते. चांगले पाते पिढ्यान्‌पिढ्या टिके. मूठ मात्र मोडल्यास किंवा आवड बदलल्यास नवी येई. पात्यावर रिकामी राहिलेली खिळ्यांची छिद्रे, मुठीच्या पट्ट्यांशी न जुळणारी पात्याची रुंदी किंवा जुन्या पट्टीने झाकलेल्या जागेचा वेगळा रंग ही मूठ बदलल्याची चिन्हे होत.

हा प्रकार केवळ भारतापुरता मर्यादित नाही. स्पॅनिश अमलाखालील मेक्सिकोतही युरोपातून आलेली पाती स्थानिक मुठींत बसविली जात. म्हणूनच तेथील तलवारींच्या अभ्यासातही पात्याचे मूळ व मुठीचे मूळ निरनिराळे तपासावे लागते.

फिरंगी पाती

मराठ्यांच्या तलवारींत ‘फिरंग’ हा प्रकार प्रसिद्ध आहे. युरोपीय बनावटीचे, बहुधा सरळ व लांब पाते आणि पंजा झाकणारी देशी मूठ हे तिचे सामान्य रूप होय. पात्यावर पुष्कळदा जर्मनीतील झोलिंगेनचा धावता लांडगा, इटलीतील जेनोवाशी जोडले जाणारे दातेरी अर्धचंद्र किंवा ‘आंद्रेआ फेरारा’ हे नाव आढळते. फेरारा हा सोळाव्या शतकातील इटालियन कारागीर. परंतु त्याच्या नावास मिळालेल्या प्रतिष्ठेमुळे इतरांनी ते नंतरही दीर्घकाळ आपल्या पात्यांवर उमटविले. भारतीय लोहारांनीही युरोपीय चिन्हांच्या नकला केल्या. त्यामुळे चिन्हावरून पाते ‘याच्या आधीचे नाही’ एवढेच म्हणता येते. अक्षरे उलटसुलट वा अर्थहीन असल्यास नकलेची शक्यता वाढते.

निजामाच्या राज्याशी थेट संबंधित एक नोंदही येथे उद्बोधक आहे. ब्रिटिश घोडदळातील अधिकारी कॅप्टन लुई नोलन याने 1853 मध्ये प्रकाशित केलेल्या घोडदळविषयक ग्रंथात निजामाच्या स्वारांच्या तलवारींची माहिती दिली आहे. ब्रिटिश फौजेने टाकाऊ ठरविलेली पाती हे स्वार धार लावून देशी मुठींत बसवीत आणि लाकडी म्यानात ठेवीत. बीड 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. त्यामुळे मूठ देशी दिसली तरी येथील तलवारीचे पाते एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश घोडदळाचे असू शकते. अशा वेळी पात्याच्या पाठीवर निर्मात्याचे नाव आहे काय, हे अवश्य पाहावे.

लेखाचा पुरावा

महाराष्ट्र शासनाने एप्रिल 2025 मध्ये लंडन येथील लिलावातून 47.15 लाख रुपयांस मिळविलेली आणि 18 ऑगस्ट 2025 रोजी मुंबईत आणलेली रघूजी भोसले यांची तलवार हे या संदर्भातील उत्तम उदाहरण आहे. तिचे पाते युरोपीय असून पाठीवर सोन्याने देवनागरी लेख कोरलेला आहे. त्यात रघूजींचे नाव, ‘सेनासाहेब सुभा’ ही पदवी व ‘फिरंग’ हा शब्द येतो. तलवार पहिल्या रघूजींची मानली जाते. मात्र ही पदवी व ‘रघूजी’ हे नाव नागपूरकर भोसले घराण्यात पुढेही चालू राहिले. म्हणून अशा लेखाचा काळ ठरविताना नाव व पदवी यांच्या जोडीला अक्षरवटिका, मुठीची घडण आणि वस्तूचा हस्तांतराचा इतिहास यांचा विचार आवश्यक ठरतो.

लेखात वर्ष असल्यास कालगणना प्रथम ओळखावी. शालिवाहन शकात 78 व फसली सनात 590 मिळविल्यास इसवी सन स्थूलमानाने मिळतो. हिजरी वर्ष चांद्र असल्याने तेथे अशी साधी बेरीज चालत नाही. शिवाय लेख पाते घडल्यानंतर अनेक वर्षांनी कोरलेला असू शकतो.

पुराव्याचे जतन

कालनिश्चितीचा पुरावा पात्याच्या पृष्ठभागावरच असतो आणि तोच सर्वांत आधी नष्ट होतो. विटकरीचा भुगा, चिंच वा लिंबू यांनी घासणे, यंत्रावर धार लावणे आणि निकेलचा मुलामा देणे यांमुळे उथळ चिन्हे, सोन्याची कलाकुसर आणि पोलादातील लहरींसारखी ‘जौहर’ नक्षी पुसली किंवा झाकली जाते. त्याऐवजी कोरड्या सुती कापडाने पुसून खनिज तेलाचा पातळ थर द्यावा. चामडी म्यान ओलावा धरते. म्हणून पाते म्यानाबाहेर ठेवणे हितावह.

समारोप

1972 च्या पुरावशेष व कलानिधी अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू पुरावशेष ठरू शकते व खासगी व्यक्तीस तिची निर्यात करता येत नाही. परंतु कायद्याचे संरक्षण मिळण्यासाठी वस्तू ओळखली जाणे आवश्यक आहे. महाविद्यालयांतील इतिहास विभागांनी मालकांची नावे गोपनीय राखून पात्याची लांबी, रुंदी, जाडी, मुठीचा प्रकार, चिन्हे व छायाचित्रे यांची नोंदवही तयार केल्यास स्थानिक इतिहासाचे मोठे साधन उपलब्ध होईल. एखादी ‘शिवकालीन’ तलवार अभ्यासाअंती एकोणिसाव्या शतकातील ठरली, तरी तिचे मोल कमी होत नाही. ती ज्या हातांतून गेली, त्यांचा खरा इतिहास त्यामुळेच हाती लागतो.