पहिली तासिका

जुलैचा पहिला आठवडा. रिद्धपुरात सकाळचे दहा वाजलेत आणि शर्ट पाठीला चिकटलाय. एक पाऊस येऊन गेला, दुसऱ्याचा पत्ता नाही. आभाळ भरून येतं, तसंच ओसरतं. लिंबाचं पान हलत नाही.

राजमठाकडच्या गल्लीतून काळ्या वस्त्रांतले दोन महानुभाव साधू येतात. ओट्यावरचे आजोबा हात जोडतात, "दंडवत प्रणाम". त्यांच्या मधून वाट काढत पोट्टे शाळेकडे पळतात. एकाचा गणवेश नवाकोरा, घडी मोडलेली नाही. दुसऱ्याचा मागच्या वर्षीचा, बाही कोपराच्या वर गेलेली. एकीच्या हातात चप्पल आहे, पट्टा तुटलाय. ती तशीच अनवाणी, तापलेल्या सिमेंट रस्त्याच्या कडेकडेनं, सावली शोधत चालते.

लहान मुलासारखं वागणारा माणूस या गल्ल्यांना नवा नाही. तेराव्या शतकात महानुभावांचे गोविंदप्रभू इथंच फिरत. खेळत, रुसत, खदखदून हसत, कुणाच्याही घरात शिरत. गावानं त्यांना वेडं म्हटलं आणि मायबापही म्हटलं. म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा लिहून ठेवल्या, त्यात रागही आहे, हट्टही आहे. कुणी काही झाकलेलं नाही.

शाळेचं फाटक. विदर्भात शाळा उशिरा उघडतात, उन्हामुळे, जूनच्या चौथ्या सोमवारच्या सुमारास. त्यामुळे पहिलीची पोरं अजून नवी आहेत. एक जण आईचा पदर सोडत नाही. मोठ्यानं रडतोय, नाक वाहतंय. आईला मजुरीला जायचंय, टेम्पो थांबलाय, त्यातल्या बाया हाका मारताहेत. ती पदर सोडवते, तो पुन्हा धरतो. पहिलीच्या बाई पुढे होतात. "रडू नको" असं म्हणत नाहीत, चॉकलेटही दाखवत नाहीत. त्याच्याजवळ खाली बसतात आणि आईला डोळ्यांनी सांगतात, तू जा. टेम्पो निघतो. रडण्याला जोर चढतो. बाई बसूनच आहेत. मग हुंदके, मग नुसता श्वास. टाकीखाली बादली भरतेय, पाणी काठावरून सांडायला लागतं. तो तिकडे पाहतो. उठतो. नळ बंद करायला जातो.

घंटा होते. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार. एक मुलगी बातम्या वाचते, पावसाच्या अंदाजाशी अडखळते. रांगा वर्गात शिरतात.

तिसरी-चौथी एकाच खोलीत बसते. लाइन गेलीय. पंखा स्थिर आहे. खिडकीतून येतो तो नुसता उजेड. घामाचा, नव्या पुस्तकांचा आणि ओल्या चटयांचा वास. ही पहिली तासिका 'आनंददायी'ची. राज्यानं 2022 साली पहिली ते आठवीसाठी ती आणली, रोज 35 मिनिटं. दिल्लीच्या सरकारी शाळांत असं काही 2018 पासून सुरू होतं. पुस्तक नाही, परीक्षा नाही. कधी डोळे मिटून बसायचं, कधी गोष्ट, कधी एखादी कृती, कधी मनातलं बोलायचं.

मॅडम म्हणतात, "डोळे मिटा. काय काय ऐकू येते ते पाहा."

मिटतात. काही अर्धवट. मागच्या रांगेतल्या एकाचा डोळा उघडाच आहे आणि तो शेजाऱ्याला कोपर मारतोय. मॅडमला दिसतं, त्या काही म्हणत नाहीत. लांब ट्रॅक्टर. एसटीचा हॉर्न. स्वयंपाकखोलीत तांदूळ पाखडणाऱ्या सुपाचा आवाज. कुणाचं तरी पोट गुरगुरतं आणि अख्खा वर्ग फुटतो. मॅडमही हसतात.

मग चिंचोके निघतात. टेबलावर चार वाट्या आहेत, प्रत्येकीवर कागदाचा चेहरा डकवलेला. हसरा, रडका, चिडलेला, घाबरलेला. ज्याला जसं वाटतंय त्यानं त्या वाटीत चिंचोका टाकायचा. बोलायचं असेल तर बोलायचं. रांग लागते. टप. टप. हसऱ्या वाटीत ढीग होतो. एक जण चिडलेल्या वाटीत टाकतो आणि आपणहून सांगतो, "भावानं मायी पेन्सिल मोडली." एक मुलगी हसऱ्या वाटीत टाकते, परत काढते, रडक्या वाटीत टाकते, निघून जाते. तिला कुणी विचारत नाही.

चौथीतला एक मुलगा वाट्यांसमोर उभा राहतो. चिंचोका मुठीत. रांग मागून ढकलते. "टाक ना बे." तो टाकत नाही. अंगठा चिंचोक्यावर फिरतोय, गुळगुळीत तपकिरी पाठीवरून पुढे-मागे. टेबलावरचा मॅडमचा फोन थरथरतो. तालुक्याच्या ग्रुपवर निरोप असणार, माहिती आजच्या आज पाठवा. पुन्हा थरथरतो. मॅडम तो पालथा घालतात. वर्गात उकाडा दाटलाय. कुणी वहीनं वारा घेतंय. थांबणं अवघड जातं, मागे उभ्या असलेल्या मलाही. जिभेवर येतं, सांग ना बाळा, काय झालं. बरं झालं मला बोलायचा अधिकार नाही.

तो घाबरलेल्या वाटीत टाकतो. टप.

"आमच्या वावरात सोयाबीन निंघालंच नाही."

"मंग?"

"बाबा रातभर ओट्यावर बसून होते."

"अन तू?"

"मी बी बसलो त्यांच्यापाशी. मंग झोप लागली."

मॅडम मान हलवतात. सगळं ठीक होईल, असं म्हणत नाहीत. त्यांना माहीत नाही ठीक होईल की नाही, आणि पोराला ते कळतं. खिडकीजवळून एक आवाज येतो, "आमचं बी नाई निंघालं." मग दुसरा. मग हात वर व्हायला लागतात, कुणी न विचारता. उभा असलेला मुलगा मागे वळून ते हात पाहतो. खांदे थोडे खाली येतात. जागेवर जाऊन बसतो आणि शेजाऱ्याचा खोडरबर मागतो.

पेरणीनंतर एक सर आली आणि ऊन तापलं, की मातीवर पापुद्रा धरतो. कोंब वर येत नाही. मग दुबार पेरणी, पुन्हा बियाण्याची पिशवी, पुन्हा उधारी. वऱ्हाडातल्या घरात हे जेवताना बोललं जातं आणि पोरं ताटावर मान घालून ऐकतात. त्यांना काही कळत नाही असं मोठ्यांना वाटतं. या चार वाट्या त्यांनी एकदा पाहाव्यात.

अकरा वाजतात. गणित सुरू होतं. फोन सुलटा होतो. त्यात तासिकेचा फोटोही मागितलाय, मुलं आनंदी दिसावीत असा. मॅडम उसासा टाकतात. "खिचडीच्या वेळी काढीन. तेव्हा खरंच आनंदी असतात."

दुपारी रांग लागते. ऊन आता डोक्यावर आहे. ताटं डोक्यावर धरून मुलं उभी आहेत, स्टीलवर ऊन लखलखतं. पहिलीतले पुढे, मोठे मागे. कुणी ताट वाजवतं, सगळे वाजवायला लागतात. पातेल्याचं झाकण निघतं आणि हळद-जिऱ्याची वाफ रांगेवरून जाते. पाचवीपर्यंतच्या मुलाच्या ताटात 100 ग्रॅम तांदूळ, 450 कॅलरी, 12 ग्रॅम प्रथिनं पडली पाहिजेत, असा नियम आहे. वाढणाऱ्या काकूंचा पळीचा नियम वेगळा आहे. सकाळी कोण उपाशी आलंय ते त्यांना चेहऱ्यावरून कळतं. त्या चौथीतल्या पोराच्या ताटात दुसरी पळी पडते. "खाय. बापाले सांगजो, माह्याबी वावरात नाई निंघालं." तो हसतो. काकूही.

हवाई बेटांतल्या काउआईवर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा अभ्यासकांनी दशकानुदशकं माग काढला. गरिबी, आजारपण, घरातली भांडणं, दारू अशा अनेक अडचणी ज्यांच्या वाट्याला आल्या, त्यांतली साधारण एक तृतीयांश मुलं तरीही नीट उभी राहिली. ती कशामुळे, हे शोधलं तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. अशा मुलाच्या आयुष्यात त्याला मनापासून धरून ठेवणारं निदान एक मोठं माणूस होतं. आईबापच असतील असं नाही. आजी होती, शेजारीण होती, शिक्षक होते. खिचडी वाढणाऱ्या काकूंचा त्यात उल्लेख असेल असं वाटत नाही. असायला हवा होता.

ताटं घासायला टाकीपाशी गर्दी. मग मैदान. मुली मातीत बिल्लस आखतात. बाभळीच्या विरळ सावलीत पोरांच्या गोट्या. तिथं भांडण पेटतं. "लागली!" "नाई लागली!" एक जण दुसऱ्याची कॉलर धरतो. मॅडम व्हरांड्यात उभ्या आहेत, दिसतंय त्यांना. उतरत नाहीत. कॉलर धरलेला रडकुंडीला येतो. तिसरा मधे पडतो, "जाऊ दे ना बे, पुन्हा टाक." पुन्हा टाकतो. चुकते. या वेळी तो गुमान गोट्या मोजून देतो, एक एक, तोंड पाडून. पाच मिनिटांनी उधारीवर दोन मागून परत खेळात. शहरातल्या सोसायटीच्या बागेत इतक्या वेळात तीन आया, एक आजोबा आणि वॉचमन गोळा झाले असते. मीही त्यांत असतो.

दुपारनंतर वरच्या वर्गाचा व्हरांडा. सातवीच्या मुलींचे आवाज कमी झालेत, हसणं हाताआड गेलंय. इथं चिंचोके चालत नाहीत, त्यांना बालिश वाटतात. भिंतीवर पुठ्ठ्याचं खोकं आहे, चिरेतून चिठ्ठी टाकायची. नाव लिहिलंच पाहिजे असं नाही. खोकं शनिवारी उघडतात. आत काय असतं ते सर सांगत नाहीत, आणि ते योग्यच आहे. एवढंच म्हणतात, की काही चिठ्ठ्या वाचल्यावर रविवारी त्या घरी चक्कर मारावी लागते. माणसाच्या मानसिक आजारांपैकी निदान एक तृतीयांश चौदाव्या वर्षाआधी सुरू झालेले असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गावात समुपदेशक नाही. खोक्याखाली स्केचपेननं दोन आकडे लिहिलेत, 1098 आणि 14416. पहिला संकटातल्या मुलांसाठी, दुसरा 2022 पासून सुरू असलेला सरकारी मानसिक आरोग्याचा. दोन्ही फुकट, दोन्ही चोवीस तास. मुलींची नजर तिकडे जाते, पण कुणी त्याबद्दल बोलत नाही.

साडेचार. आभाळ पुन्हा काळं झालंय. पोरं बाकांवरून उठून खिडकीशी जातात, सर ओरडत नाहीत, तेही पाहताहेत. चार थेंब पडतात. मातीवर चार काळे ठिपके. बस, एवढंच.

शाळा सुटते. पहिलीतला तो सकाळचा रडका दप्तर पाठीवर टाकून फाटकात उभा आहे. आईच्या टेम्पोला उशीर झालाय. बाईही थांबल्यात. तो त्यांना बादलीबद्दल काहीतरी सांगतोय, हातवारे करून.

मॅडम अजून वर्गातच आहेत. सकाळपासून साचलेली माहिती भरताहेत. पटसंख्या, आधार, तांदळाचा शिल्लक साठा. आणि एक रकाना, आजचा आनंददायी उपक्रम घेतला काय? 'होय' लिहितात. पुढच्या रकान्यात किती मुलांना लाभ झाला, ते विचारलंय. पट लिहून टाकतात.

ही तासिका सगळीकडे अशी होते असा दावा कुणी करू नये. कुठे ती गणितात जाते, कुठे हजेरीत, कुठे फोटोपुरती होते. जिथं होते तिथं ती एका मोठ्या माणसाच्या घाई न करण्यावर चालते. तर माहिती मागवणाऱ्या साहेबांना एकच विनंती. निरोप अकरानंतर पाठवा. शिल्लक तांदूळ किती, हे अर्धा तास उशिरा कळल्यानं तालुक्यात कुणाचं काही अडणार नाही.